सल्ला: आईच्या पाटल्या गहाण ठेवून थायलंडला शिकवायला जाऊ का?

पत्र (थोडं कमी करून)

ताई, नमस्कार. मी 27 वर्षांची आहे, मानेवाड्याला राहते. एम.ए. इंग्लिश आणि बी.एड. झालं, चार वर्षांपासून एका प्रायव्हेट शाळेत इंग्लिश शिकवून राहिली आहे, हातात 16,000 येतात. माझं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी मीडियममधून झालं. बाबांचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, लहान भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या एक एजंट मागे लागला आहे, म्हणतो थायलंडमध्ये टीचरची नोकरी पक्की, 28,000 बाट पगार, त्याचे 1,80,000 रुपये. आधी टूरिस्ट म्हणून जायचं, वर्क परमिटचं तिथे गेल्यावर पाहू म्हणतो. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. मला महिन्याला 25,000 तरी घरी पाठवायचे आहेत. तुम्ही तिथे शिकवून आलात असं तुमच्याच सदरात वाचलं होतं. खरंच पैसे उरतात का? जाऊ का?
म., मानेवाडा, नागपूर

प्रिय म.,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं आणि मग कपाटातून माझी तिथली हिशेबाची वही काढून बसली. त्यातले आकडे आता जुने झाले पण खर्चाचे रकाने तेच आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकते. परदेशात शिकवायला जायचा तुझा विचार चांगला आहे, तुझ्याजवळ बी.एड. आहे, चार वर्षांचा अनुभव आहे, तू जाऊ शकतेस आणि जायला पाहिजेस. पण या एजंटसोबत नको, टूरिस्ट म्हणून नको, आणि पाटल्या सराफाकडे ठेवून तर अजिबातच नको. आणि पहिल्या वर्षी घरी महिन्याला 25,000 जाणार नाहीत, हे आईबाबांना आत्ताच सांगून ठेव, तिथे गेल्यावर फोनवर सांगायची वेळ आली तर फार जड जातं, मी ते केलं आहे म्हणून सांगते.

मी 2016 ते 2019 थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन शहरापासून तासभर आत एका गावी, सरकारी शाळेत होती. नोकरी एका एजन्सीच्या मार्फत लागली होती. पगार तेव्हा 20,000 बाट, आणि बाट तेव्हा दोन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे 40 हजारांच्या जवळपास, आणि नागपुरात मी 11,000 वर शिकवत होती त्यामुळे मला वाटलं आता सगळं सुटलं. कॉन्ट्रॅक्ट चार पानांचं होतं, मी पगाराची ओळ वाचली आणि सही करून टाकली. मग मार्चमध्ये, परीक्षा संपल्या त्या दिवशी, एजन्सीची बाई आली, सगळ्यांशी छान हसून बोलली आणि म्हणाली आता भेटू मे महिन्यात. मी विचारलं एप्रिलचा पगार कधी जमा होईल, तर तिने माझ्याच कॉन्ट्रॅक्टचं तिसरं पान काढून दाखवलं, त्यात 10 महिने लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या सुट्टीचा पगार आला नव्हता तेव्हा मला वाटलं उशीर झाला असेल, पुढे मागे येईल. तो पण येणारच नव्हता. त्या एप्रिलमध्ये मी सोबतच्या फिलिपिनो टीचरकडून उधार घेऊन आईला 10,000 रुपये पाठवले, कारण घरी काय सांगायचं हेच समजत नव्हतं.

म्हणून तुझ्या एजंटला माझा पहिला प्रश्न हाच आहे की 28,000 किती महिने. तिथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालतं, मधात ऑक्टोबरची सुट्टी. चांगल्या शाळा थेट करार करतात आणि 12 महिने पगार देतात, एजन्सीवाले बरेचदा 10 किंवा 11 महिनेच देतात, आणि जाहिरातीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरं असं की 28,000 हा आकडाच मला जरा फुगवलेला वाटते. तिथे जाहिरातीत एनईएस आणि नॉन-एनईएस असे दोन भाव असतात, एनईएस म्हणजे नेटिव्ह स्पीकर, अमेरिका इंग्लंड कॅनडा ऑस्ट्रेलिया वगैरे पासपोर्टवाले, त्यांना 30-40 हजार, आणि तोच वर्ग, तेच पुस्तक, त्याच 45 पोट्ट्यांसाठी आपल्याला आणि फिलिपिनो टीचरना 18 ते 25 हजार. मी यावर खूप चिडली आहे, आजही चिडते, माझ्या शेजारच्या वर्गात एक पोरगा होता ज्याने आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं, बी.एड. तर सोडच, आणि त्याला माझ्यापेक्षा 12,000 जास्त. हे चूक आहे. पण हे तसंच आहे असं धरूनच तुला हिशेब करावा लागेल. बी.एड. आणि अनुभव असलेल्या भारतीय टीचरला चांगल्या प्रायव्हेट शाळेत किंवा इंग्लिश प्रोग्रॅममध्ये, ज्याला तिथे ईपी म्हणतात, 28-30 हजार मिळूही शकतात, पण ती शाळा आधी तुझा व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेईल, डेमो मागेल, डिग्री पाहील. तुझा इंटरव्ह्यू कोणी घेतला का? पत्रात तर तसं काही दिसलं नाही. इंटरव्ह्यू न घेता नोकरी पक्की म्हणणारी शाळा मुळात आहे का, हाच प्रश्न आहे.

आता हिशेब. एक बाट अडीच रुपयांचा धर, मी तेवढ्यानेच करते, वर मिळालं तर चांगलंच आहे. समजा गावाकडच्या शाळेत 22,000 बाट लागले. सोशल सिक्युरिटीचे पगाराच्या 5 टक्के कापतात पण त्याला वरची मर्यादा आहे, ते धर 800. खोली 4,500. लाइट पाणी 1,200, आणि इथे एक लक्षात ठेव की खोलीवाले मीटरचा सरकारी रेट लावत नाहीत, 7-8 बाट युनिट लावतात, आणि एप्रिल-मेमध्ये तिथलं ऊन आपल्या नागपूरसारखंच असतं वरून दमट, एसी लावल्याशिवाय झोप येत नाही. जेवण 6,500. स्कूटर भाड्याने 2,500 आणि पेट्रोल 500, कारण गावात बस रिक्षा काही मिळत नाही. फोन 400. साबण, औषध, शाळेतली वर्गणी, एखादा ड्रेस, 1,600. झाले 18,000. उरले 4,000 बाट, म्हणजे 10,000 रुपये. बँकॉकला गेली तर पगार थोडा जास्त पण खोलीच 8-10 हजारांपासून सुरू, फरक फार पडत नाही.

हे 4,000 दहा महिने वाचवले तर 40,000 बाट. पगार नसलेले दोन महिने चिमटा काढून राहिलं तरी 25,000 जातात. राहिले 15,000. व्हिसा एक्स्टेंशन 1,900, वर्क परमिट 3,100, देशाबाहेर जाऊन परत यायचं री-एंट्री परमिट 1,000, शाळेने हे दिले नाही तर तुझ्याच खिशातून 6,000. उरले 9,000 बाट. वर्षभराचे 22,500 रुपये, म. एजंटला द्यायच्या पैशाचा आठवा हिस्सा. आणि सराफाचं व्याज मी यात अजून धरलंच नाही.

आता तोच हिशेब 28,000 आणि 12 महिन्यांचा कर. महिन्याला 10,000 बाट उरतात, वर्षाचे 1,20,000, कागदपत्रांचे 6,000 काढले, 1,14,000, म्हणजे 2,85,000 रुपये, त्यातून एकदा घरी यायचं जायचं तिकीट काढलं तर अडीच लाखांच्या वर थोडेसे. महिन्याला 21-22 हजार. तेव्हा सगळं अगदी मनासारखं जमलं तरीसुद्धा 25,000 होत नाहीत. पण हे पैसे खरे आहेत, तुझ्या आत्ताच्या पूर्ण वर्षाच्या पगारापेक्षा जास्त शिल्लक आहे ही, आणि म्हणूनच मी नको जाऊ म्हणत नाही. नोकरीचं नाव तेच, काम तेच, पण एका कॉन्ट्रॅक्टमध्ये 22 हजार शिल्लक आणि दुसऱ्यात अडीच लाख. कोणतं कॉन्ट्रॅक्ट हातात आहे हे पाहिल्याशिवाय घरून निघायचं नाही.

टॅक्सची भीती घालतात लोक, त्याचं फार नाही. 22,000 पगाराला तिथल्या सवलती धरून इन्कम टॅक्स शून्यच येतो कारण सवलती गेल्यावर उरलेल्या पहिल्या 1,50,000 बाटवर काही लागत नाही, 28,000 वर लागला तरी वर्षाचा हजारभर बाट.

आता टूरिस्ट म्हणून जायचं जे म्हणून राहिला ना तो एजंट, त्याबद्दल. तिथे पोचल्यावर व्हिसा बदलून घेता येतो असं तो सांगेल, आणि काही केसमध्ये ते होतंही, म्हणूनच लोकांना खरं वाटतं. पण वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गात खडू धरणं बेकायदेशीर आहे. पकडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड, परत पाठवणी, आणि दोन वर्षं वर्क परमिट मिळत नाही. शाळेला काही होवो न होवो, तू तर गेलीच. आणि त्या काळात पगार अर्धा दिला, दिलाच नाही, तर तू तक्रार कुठे करशील, तू तर कागदावर तिथे फिरायला आलेली आहेस. सरळ रस्ता असा आहे की शाळा तुला आधी कागद पाठवते, ते लावून तू नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करते, थायलंडचा ई-व्हिसा 2025 च्या जानेवारीपासून सगळीकडे ऑनलाइनच आहे, आणि मग तिथे पोचल्यावर शाळा वर्क परमिट आणि टीचर कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स काढते, त्याला टीचर लोक वेव्हर म्हणतात. तुझं बी.एड. इथे फार कामी येईल, बिना बी.एड.वाल्यांची वेव्हरसाठी दर दोन वर्षांनी धावपळ असते.

आणि एक गोष्ट जी लिहिताना माझे हात थंड पडतात. मार्च 2025 मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून पाचशेच्या वर भारतीय परत आणले, हे सगळे पलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेले होते. यातल्या बहुतेकांना थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे असंच सांगून नेलं होतं, बँकॉकच्या विमानतळावर गाडी येते, कित्येक तास चालते, आणि मग नदी पार. तुझा एजंट तसाच आहे असं मी म्हणत नाही, पण शाळेचं नाव न सांगणारा, टूरिस्ट म्हणून ये म्हणणारा, बँकॉकला आमचा माणूस घ्यायला येईल म्हणणारा कोणीही असो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. टीचरची जागा भरली, आता कस्टमर सपोर्टची आहे असा फोन आला तर तिथेच थांबायचं.

ई-मायग्रेट नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर परवाना असलेल्या भरती एजंटांची यादी असते, त्यात त्याचं नाव आणि परवाना नंबर पाहा. परवाना असलेल्या एजंटलाही 30,000 रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. तो तुला 1,80,000 मागून राहिला आहे. त्याला फक्त एवढं म्हण की पावती द्या आणि परवाना नंबर लिहून द्या. काय म्हणतो ते पाहा.

मग खरे किती पैसे लागतात ते सांगते. कागदपत्रं आणि अटेस्टेशन, म्हणजे त्यावरचे सरकारी शिक्के, 15-20 हजार, तिकीट 15-20 हजार, खोलीचं दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून 13,500 बाट म्हणजे 34,000 रुपयांच्या आत, आणि पहिला पगार महिना संपल्यावर येतो तोपर्यंत खायला 25,000. लाखभर रुपये झाले. हे लाख तुझे हवेत, उसने नको. उसन्या पैशावर गेलेला टीचर वाईट कॉन्ट्रॅक्ट सोडू शकत नाही, कारण हप्ता पुढच्या महिन्यात पण आहे. माझ्यासोबत केरळची एक मुलगी होती, तिचं सोनं गहाण होतं, शाळा तिला शनिवारी पण बोलवायची, कॅम्पला न्यायची, पैसे नाही द्यायची, आणि ती मान हलवायची. मी दुसऱ्या वर्षी एजन्सी सोडून 12 महिन्यांच्या पगारावर थेट शाळेकडे गेली ते केवळ माझ्यावर कोणाचं कर्ज नव्हतं म्हणून, उधारी फिटली होती.

लाख कुठून आणायचे असं तू म्हणशील. पुढच्या मेचं टार्गेट ठेव. नागपुरात सध्या आयईएलटीएसचे आणि स्पोकन इंग्लिशचे क्लास सगळीकडे आहेत, धरमपेठ, प्रतापनगर, सीताबर्डी, त्यांना संध्याकाळी दोन तास शिकवणारे हवेच असतात, तुझ्यासारख्या एम.ए. बी.एड.ला ते नाही म्हणणार नाहीत. ते पैसे वेगळ्या खात्यात टाक, घरात मिसळू नको. शिवाय मोठ्या माणसांना शिकवल्याचा अनुभव बायोडाटात चढतो आणि तुझं स्वतःचं बोलणं पण सुटतं, कारण आपण मराठी मीडियमवाले व्याकरणात पक्के असतो आणि बोलताना अडखळतो, मी पण तशीच होती. बऱ्याच शाळा आपल्याला टोइक नावाच्या इंग्लिश परीक्षेचा स्कोर मागतात, 990 पैकी 600 च्या वर, तो तुला जड नाही. सर्टिफिकेटसाठी घाई करू नको. नेटवर 120 तासांचे स्वस्त टेफल, म्हणजे परक्यांना इंग्लिश शिकवायचे, कोर्स आहेत, शाळा मागेल तर तो कर. सेल्टा खूप चांगला कोर्स आहे, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे ट्रेनर बसून पाहतात, पण त्याला लाखाच्या वर पैसे लागतात आणि 22,000 बाटच्या नोकरीसाठी आत्ता ते लावण्यात अर्थ नाही.

आत्तापासून फक्त कागदांना लाग. विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांच्या एकत्र दाखल्याचा, अर्ज टाक. पासपोर्टवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव, डिग्रीवरचं नाव एकच आहे का ते बघ, एका अक्षराने माझे दोन महिने गेले होते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, 500 रुपये, पण ते अगदी निघायच्या थोडं आधी काढ, जुनं झालं की चालत नाही. शाळेतून राजीनामा देताना एक्सपिरियन्स लेटर लेटरहेडवर, सही शिक्क्यानिशी, तारखांसकट घे, आणि राजीनामा व्हिसा हातात आल्यानंतर, त्याच्या एक दिवस आधी पण नाही. स्कूटर चालवणार असशील तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढ, 1,000 रुपये, वर्षभर चालतं. हे नसलं आणि तिथे पडली तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. सोशल सिक्युरिटीवर दवाखाना फुकट मिळतो पण तीन महिने पैसे भरल्यानंतर, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स इथूनच घेऊन जा. मला दुसऱ्याच महिन्यात डेंग्यू झाला होता.

तिकीट मुंबईवरूनच शोधू नको. नागपूरहून रेल्वेने हावडा गाठ, रात्रभराच्या वर प्रवास आहे, कोलकात्याहून बँकॉक अडीच तास, बरेचदा स्वस्त पडतं.

तिथला दिवस कसा असतो ते विचारलं नाहीस पण सांगते, कारण पैशाइतकंच ते पण टिकवतं किंवा तोडतं. सकाळी साडेसातला गेटवर ड्यूटी, प्रत्येक मूल हात जोडून वाय करतं, आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, सगळं मैदान थांबतं. बायकांना बऱ्याच शाळांमध्ये पँट चालत नाही, गुडघ्याखालचा स्कर्ट लागतो, सोमवारी पिवळा शर्ट. आठवड्याला 20-22 तास. मुलं गोड असतात, लाजाळू असतात, चूक होईल म्हणून तोंड उघडत नाहीत, अगदी आपल्या झेडपीच्या शाळेसारखी, आणि म्हणून तू त्यांना नेटिव्हवाल्यापेक्षा जास्त चांगली शिकवू शकशील, कारण तू इंग्लिश शिकली आहेस, तुला माहीत आहे कुठे अडकते. माझ्या वर्गात सहावीतला एक पोरगा होता, वर्षभर एक शब्द बोलला नाही, आणि शेवटच्या दिवशी वहीच्या पानावर लिहून दिलं, टीचर डोन्ट गो इंडिया. ते पान अजून त्या हिशेबाच्या वहीत आहे.

जेवणाचं. तू खात असशील तर काही प्रश्न नाही, चिकन भात 50-60 बाटला मिळतो. शाकाहारी असशील तर ऐक, त्यांच्या प्रत्येक भाजीत माशाचं पाणी असतं, नुसतं मांस नको म्हटलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून देतील. शब्द आहे जे. किन जे म्हणायचं, म्हणजे मांस-मासे काहीच नको, कांदा लसूण पण नसतो त्यात. दुकानावर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षर असतं, ते अक्षर फोनमध्ये सेव्ह करून ठेव. घरून तूर डाळ, गोडा मसाला, लहान कुकर ने. कुकर नेच. खोलीत स्वयंपाक करू देतात का ते डिपॉझिट देण्याआधी विचार.

एकटेपणा येतो, तो दिवाळीत येतो असं सगळे म्हणतात पण दिवाळीचं तर आपण मन तयार करून ठेवलेलं असतं. मला आला मारबतीच्या दिवशी, भाऊ नागपूरच्या महाल भागातून व्हिडिओ कॉल करून मिरवणूक दाखवून राहिला होता आणि मी स्टाफरूममध्ये वर्कशीट कापत बसली होती. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, रोज रात्री साडेनऊला, म्हणजे घरी आठ वाजता, फोन ठरवून टाक, आईचं जेवण व्हायच्या आधी. आणि स्टाफमधल्या थाय टीचर जेवायला बोलावतील तर थकलेली असशील तरी जा. मला डेंग्यू झाला तेव्हा पाच दिवस दवाखान्यात डबा त्यांनीच आणला.

पैसे घरी पाठवायचं. निघायच्या आधी बँकेत सांगून सध्याचं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या पैशाचं खातं, करून घे, ते नियमाने करावंच लागतं, आणि नवीन एनआरई खातं उघड, तिथला पगार यातच पाठवायचा, याच्या व्याजावर टॅक्स नाही. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस आहे, तेव्हा त्यात मोठी रक्कम पडू देऊ नको. दर महिन्याला पाठवू नको, प्रत्येक वेळी दोन्हीकडच्या बँका फी कापतात, तीन महिन्यांचे एकदम पाठव. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो. आणि मेमध्ये गेली तर त्याच आर्थिक वर्षात तू इथल्या टॅक्सच्या हिशेबाने एनआरआय होतेस, नोव्हेंबरच्या दुसऱ्या टर्मला गेली तर नाही होत, कारण एप्रिलपासून 182 दिवस इथे होऊन गेलेले असतात, मग तिथला पगार आणि तिथलं बँक खातं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. टॅक्स बसणार नाही पण दाखवायचं राहून गेलं तर नोटीस येते.

तिथे गेल्यावर दोन तारखा भिंतीवर लिहून ठेव. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, आणि देशाबाहेर पाय ठेवायच्या आधी री-एंट्री परमिट. त्याच फिलिपिनो टीचरची आई वारली, ती रात्रीच्या रात्री मनिलाला गेली, परमिट काढायचं राहिलं, आणि तिचा वर्षभराचा व्हिसा विमानतळावरच संपला. परत सगळं पहिल्यापासून. 1,000 बाटचा शिक्का आहे तो, व्हिसा मिळाल्याच्या दिवशीच मारून घे.

दुसरे देश थोडक्यात. जपानमध्ये सरकारी शाळांत शिकवायच्या व्हिसाला 12 वर्षं इंग्लिशमधून शिक्षण झालेलं लागतं, आपलं मराठी मीडियम तिथे अडतं. कोरिया आणि चीन मुख्यतः नेटिव्ह पासपोर्टवाल्यांनाच घेतात. पण आखातातल्या भारतीय शाळा, सीबीएसईच्या, दुबई मस्कत कुवेतकडच्या, तिथे तू नॉन-नेटिव्ह नाहीस, तिथे सगळेच आपले असतात आणि बी.एड.ला किंमत आहे. यूएईमध्ये इन्कम टॅक्स नाही, आणि वर्षभर टिकलं की सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांच्या मूळ पगाराएवढी ग्रॅच्युइटी मिळते. घरी पैसे पाठवणं हाच पहिला हेतू असेल तर अर्ज दोन्हीकडे टाक. खोली महाग आहे तिकडे, म्हणून राहायची सोय शाळा देते का तेवढं विचार.

लग्नाचं लोक काय म्हणतील असं तू पत्राच्या शेवटी लिहून खोडलं आहेस, मला दिसलं ते. मी 31 व्या वर्षी परत आली. आई दोन वर्षं लोकांना उत्तरं देऊन राहिली होती, तिला त्रास झाला, खोटं कशाला सांगू. पण ज्या घरांनी परदेशात एकटी राहिली म्हणून नाही म्हटलं त्या घरी मला जायचंच नव्हतं.

उद्या एजंटला फोन करशील तेव्हा तीनच गोष्टी माग: शाळेचं नाव आणि तिथल्या माणसाचा फोन, कॉन्ट्रॅक्टची कॉपी, परवाना नंबर. तो आज शेवटचा दिवस आहे, सीट जाईल म्हणेल, जाऊ दे. कॉन्ट्रॅक्ट आलं तर मला पाठव, मी ओळ न ओळ वाचून सांगते, आधी पगाराचे महिने बघ, मग सुट्टी, मग वर्क परमिटचे पैसे कोणाचे. आणि आईला म्हण पाटल्या हातातच राहू दे.

तुझी,
ताई